शनिवारचा रकाना

ऑफिसची सहल काढायची म्हटली की आपल्याकडे आधी दोन तट पडतात. एक अलिबागवाल्यांचा, दुसरा कर्जतवाल्यांचा. मधेच कुणीतरी महाबळेश्वरचं पिल्लू सोडून देतो आणि साहेबांच्या मिसेसना घाट लागतो, एवढ्या एका वाक्यावर ते मरतं. तारीख तीनदा बदलते. वर्गणी गोळा करणारा जिन्यात दिसला की लोक लिफ्टने जायला लागतात. शेवटी आदल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर निरोप पडतो, की सकाळी सहाला गेटवर जमायचं, उशीर करणाऱ्यांसाठी बस थांबणार नाही. बस पावणेआठला सुटते, कारण निरोप पाठवणाराच यायचा असतो. पोह्यांचा डबा कुणाच्या सीटखाली गेलाय ते खोपोलीपर्यंत सापडत नाही. भेंड्यांत कोण हरलं यावरून अकाउंट्स आणि परचेसचं जे वाजतं ते पुढे मार्च एंडिंगपर्यंत पुरतं. आणि रात्री घरी परतताना सगळे म्हणतात, काय धमाल आली राव! खरंच आलेली असते. कुणी ठरवलेली नसते म्हणूनच आलेली असते.

जर्मनीत धमाल ठरवून येते. वेळेवर येते, वेळेवर जाते आणि जाताना हिशेब देऊन जाते.

उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात बंदरावरच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करते. आमची वार्षिक सहल फेब्रुवारीत निघते. तिची तारीख, वेळ, रस्ता आणि खानावळ आदल्या वर्षीच्या मार्चअखेर पक्की झालेली असते. कुणी कुठल्या टेबलाशी बसायचं तेवढं नोव्हेंबरपर्यंत लांबतं, आणि या दिरंगाईबद्दल आयोजक सगळ्यांची क्षमा मागतात.

सहल फेब्रुवारीत का, हा प्रश्न मी नवी असताना विचारला होता. उन्हाळ्यात छान ऊन असतं, झाडं हिरवी असतात, दिवस रात्री दहापर्यंत मावळत नाही. लोकांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. उन्हाळ्यात ग्रुनकोल कुठून आणणार?

ग्रुनकोल म्हणजे कुरळ्या पानांची एक पालेभाजी. हल्ली मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये ‘केल’ या नावाने चांदीच्या भावात मिळते ती हीच. तिकडे ती वजन उतरवणाऱ्यांची भाजी आहे. इथे ती शिजताना भांड्यात इतकी चरबी पडते, की वजनाचा काटा त्या खोलीतही ठेवत नाहीत. कडक थंडी खाल्ली की पानांत साखर साठते आणि भाजी गोडूस लागते, म्हणून तिचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत ब्रेमेन आणि ओल्डेनबुर्ग या पट्ट्यातली ऑफिसं, बँका, फुटबॉल क्लब, चर्चमधली गायकमंडळी, सगळे टोळ्याटोळ्यांनी गावाबाहेर पडतात. थंडीवाऱ्यात दोन-तीन तास चालतात, वाटेत पितात, खेळ खेळतात आणि संध्याकाळी एखाद्या खेड्यातल्या खानावळीत शिरून ही भाजी पोट तडतडेपर्यंत खातात. या सगळ्या उपद्व्यापाला म्हणतात कोलफार्ट. आपल्याकडे थंडीत हुरड्यासाठी शहरातली माणसं मोटारी काढून शेतावर धावतात, त्यातलंच हे हंगामी वेड. फक्त हुरडा शेकोटीशी बसून खातात. इथे शेकोटीपाशी पोहोचायच्या आधी माणसाची लायकी तपासली जाते.

आणि हा विनोद आहे, असं समजून हसायचं नाही. या प्रांतात पालेभाजी ही गंभीर बाब आहे. १८२९ साली ब्रेमेनच्या काही व्यापाऱ्यांनी पैज लावली, की जानेवारीच्या सुरुवातीला वेझर नदी गोठलेली असेल की वाहती असेल. हरणाऱ्याने बाकीच्यांना काय द्यायचं? ग्रुनकोलचं जेवण. ती पैज आजही दरवर्षी सहा जानेवारीला लागते. नव्व्याण्णव पौंड वजनाचा एक शिंपी हातात तापती इस्त्री घेऊन नदीकाठी येतो आणि नदी पायी ओलांडता येते का, ते बघतो. नदी आता गोठत नाही. त्यामुळे शिंपीबुवा बोटीतून पलीकडे जातात आणि पैज कोण हरलं ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. निकाल आधीच माहीत असलेल्या पैजेसाठी इतकी माणसं सुटाबुटात नदीकाठी गारठत उभी राहतात, हे बघितल्यावर मला त्या शहराबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

ओल्डेनबुर्गवाले तर आणखी पुढचे. त्यांनी १९५६ साली ही भाजी थेट राजधानीत, तेव्हाच्या बॉनमध्ये नेली आणि देशातल्या पुढाऱ्यांना जेवायला बसवलं. तेव्हापासून ते दरवर्षी एखाद्या राजकारण्याला ‘भाजीचा राजा’ नेमतात. राजधानी बर्लिनला हलली, भाजीही तिच्यामागे बर्लिनला गेली. अँगेला मर्केलबाई चान्सलर व्हायच्या आधी भाजीची राणी होऊन गेल्या आहेत. त्यानंतर देश चालवणं त्यांना जड गेलं नसावं.

आता आमच्या सहलीकडे येते.

तिचं पहिलं पत्रक आलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, चल, तुलाही न्यायचं. पत्रक नीट वाचल्यावर कळलं की नवरा महाग पडतो. इथल्या आयकर खात्याने कर्मचाऱ्यांच्या आनंदाला भाव ठरवून दिलाय: एका समारंभाला माणशी ११० युरो, आणि असे समारंभ वर्षाला दोन. तेवढ्यापर्यंत मालकाने केलेला खर्च करमुक्त. त्यापुढचा आनंद पगारात धरून त्यावर कर. आणि मी सोबत नवरा नेला तर त्याने खाल्लेलं, प्यालेलं सगळं माझ्याच ११० युरोंत मोजायचं. नवरा म्हणाला, “मग मी घरीच खिचडी खातो. सरकारदरबारी तुझ्या नावावर माझी ढेकर नको.”

दुसरं पत्रक विम्याचं होतं. कंपनीने काढलेल्या सहलीत पाय घसरून पडलात, तर तो कामावरचा अपघात समजतात आणि कामगार विमा त्याची भरपाई देतो. मला वाटलं कुणीतरी गंमत करतंय. पण २०१६ साली इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने या विषयावर रीतसर निकाल दिला आहे. एका कार्यालयातल्या छोट्या शाखेने नाताळची पायी सहल काढली होती आणि त्यात एक बाई घसरून पडल्या. प्रश्न असा, की सगळ्यात वरचे साहेब त्या सहलीत सामील नव्हते, मग ती सहल कामाची धरायची की खासगी? न्यायालय म्हणालं, शाखेच्या प्रमुखाने काढली ना, मग बाई कामावरच पडल्या. आपल्याकडे सहलीत पडलेल्या माणसाला चार जण उचलतात, सहा जण हसतात आणि पुढची दहा वर्षं त्याला त्या धबधब्याच्या नावाने हाक मारतात. तोच आपला विमा.

तिसरं पत्रक आलं खाण्याचं, आणि तिथून माझी कथा सुरू झाली.

पत्रक म्हणजे एक्सेलचा तक्ता होता. डावीकडे नावं, वर रकाने: सगळं खाणारे, डुक्कर न खाणारे, शाकाहारी, वीगन, गव्हाची ॲलर्जी, दुधाची ॲलर्जी. आपापल्या नावापुढे फुली मारायची. सहल शनिवारी होती. मी कराडची, माहेरी शनिवार मारुतीचा. एरवी मटण-मासे चालतात, शनिवारी नाही. आता यातल्या कुठल्या रकान्यात फुली मारायची? शाकाहारीमध्ये मारावी, तर बुधवारी कँटीनमध्ये मला कोंबडी खाताना सगळ्यांनी पाहिलेलं. मी कुठेच फुली मारली नाही आणि खाली शेऱ्यात लिहिलं, ‘शनिवारी शाकाहारी’.

दहा मिनिटांत अकाउंट्सच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. उंच, चष्मा गळ्यात अडकवलेला, हातात पेन. त्यांच्या चेहऱ्यावर ताळेबंदात दोन सेंट जास्त निघाल्यावर येतो तो भाव होता.

“शनिवारी शाकाहारी म्हणजे प्रत्येक शनिवारी?”

“हो.”

“अंडं?”

“नको.”

“मद्य?”

“शनिवारी नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, “हा शनिवार रात्री बारा ते बारा असतो का? कारण जेवण पाचला आहे, पण रात्री साडेबाराला गरम सॉसेजची एक फेरी असते. तेव्हा तुम्हाला धरायचं की नाही?”

पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात शनिवार पाळतात. मारुतीला तेल वाहिलं, रुईच्या पानांच्या माळा घातल्या, पण शनिवार नक्की किती वाजता संपतो हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, उगवत्यापासून उगवत्यापर्यंत. आपला वार सूर्याबरोबर बदलतो, घड्याळाबरोबर नाही.” मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी तिथेच रविवारचा सूर्योदय काढून बघितला, साडेसातनंतर होता. “म्हणजे साडेबाराच्या सॉसेजला तुम्ही नाही,” असं म्हणून त्या समाधानाने गेल्या. संध्याकाळी सुधारित तक्ता आला. त्यात एक नवा रकाना होता: ‘शनिवार’. त्यात एकच फुली होती.

मला हसूही आलं आणि कुठेतरी बरंही वाटलं. आपल्याकडे असं काही सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं: “अगं, एवढ्यानं काय होतंय? एक दिवस चालतं!” त्यात माया असते, नाही असं नाही. पण ती माया माणसाला घास भरवून मोकळी होते, त्याचं म्हणणं ऐकायला थांबत नाही. या बाईंनी मला एकदाही खा म्हटलं नाही. त्यांनी माझ्यासाठी रकाना काढला.

सहलीच्या दिवशी विद्यापीठापाशी, सहा नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर सकाळी अकराला जमायचं होतं. तापमान दोन अंश, वारा समोरून आणि पाऊस आडवा. हैदराबादचा आमचा एक सहकारी तीन स्वेटर, दोन टोप्या आणि एक निश्चय घालून आला होता. त्याच्या डोळ्यांखेरीज त्याचं काही दिसत नव्हतं आणि डोळ्यांतही परतीच्या ट्रामचं वेळापत्रक दिसत होतं. “हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात,” असं गोदामातल्या एका धिप्पाड गड्याने त्याला ऐकवलं. हे वाक्य जर्मनीत नोव्हेंबर ते एप्रिल रोज ऐकायला मिळतं आणि ते बोलणाऱ्याच्या अंगावर नेहमी आपल्यापेक्षा महाग जाकीट असतं.

मग हातगाडी आली. हातगाडीशिवाय कोलफार्ट होत नाही. लाकडी, चार चाकांची, पुढे ओढायला दांडा. तिच्यात बिअरच्या बाटल्यांचे क्रेट, कॉर्न नावाची धान्याची पारदर्शक दारू, गाणी वाजवायला स्पीकर, प्रथमोपचाराची पेटी आणि माझ्यासाठी थर्मासमध्ये सफरचंदाचा गरम रस. थर्मासवर चिठ्ठी चिकटवलेली: ‘शनिवार’. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने एक छोटा प्याला अडकवला गेला. आयात विभागाच्या प्रमुखांच्या गळ्यातही. एरवी त्यांच्या गळ्यात रेशमी टाय असतो आणि त्यांच्याशी बोलताना आम्ही वाक्य आधी मनात जुळवून घेतो. आज गळ्यात प्याला लटकवून ते एखाद्या बालवाडीच्या सहलीत चुकून आल्यासारखे उभे होते आणि खूष होते.

गाडी ओढायची पाळी तक्त्याप्रमाणे. माझी पाळी आली तेव्हा हैदराबादकराने फोटो काढला आणि मी तो मोठ्या उत्साहाने आईला पाठवला. तिचा ताबडतोब फोन आला.

“हातगाडी ओढतीयस?”

“अगं, ऑफिसची सहल आहे.”

“आणि तुझे साहेब?”

“मागे चालतायत.”

“तू ओढतीयस आणि साहेब मागे चालतायत! कराडात भाजीची गाडी लावली असतीस तर चार पैसे तरी मिळाले असते. एवढं शिकवलं ते यासाठी होय?”

साहेबांची पाळी माझ्यानंतर होती. त्यांचाही फोटो तिला पाठवला, पण तो तिने गंभीरपणे घेतला. “त्यांना काही लागलं-बिगलं नाही ना?” असं विचारलं.

ब्रेमेनच्या उत्तरेला ब्लॉकलांड नावाचा सपाट कुरणांचा प्रदेश आहे. इतका सपाट, की तुमचं कुत्रं पळून गेलं तर ते तीन दिवस दिसत राहील, असं तिथले लोक म्हणतात. मधून छोटी व्युमे नदी, तिचा बांध, बांधावर अरुंद रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेल्या चाऱ्या. या चाऱ्यांचं महत्त्व पुढे कळतं. कारण आता खेळ सुरू होतात.

मुख्य खेळ बोसेल्न. हा समुद्राकाठच्या फ्रिसिया भागातला. किलोभर वजनाचा एक गोळा रस्त्यावरून घरंगळत जाईल असा फेकायचा. जिथे थांबेल तिथून पुढच्या गड्याने फेकायचा. दोन संघ, ज्याला कमी फेकींत पल्ला गाठता येईल तो जिंकला. सोपं वाटतं, पण रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो, त्यामुळे गोळ्याची ओढ चारीकडे. आमच्या साहेबांनी चार पावलं पळत येऊन गोळा सोडला. तो ऐटीत निघाला, पन्नासेक पावलं सरळ गेला, मग त्याने डावीकडे जरा मान कलती केली आणि शांतपणे चारीत उतरला. डुबूक.

यासाठी खास अवजार असतं. लांब काठी आणि टोकाला लोखंडी जाळीची टोपली. गोदामातला गडी पोटावर आडवा झाला, काठी पाण्यात घातली आणि ढवळू लागला. पहिल्यांदा चिखल आला. मग कुजलेली पानं आली. मग कुणाच्या तरी मागच्या वर्षीच्या सहलीतली बाटली आली. ती पुसून हातगाडीत ठेवण्यात आली, कारण बिअरची रिकामी बाटली दुकानात परत दिली की आठ सेंट मिळतात. शेवटी गोळा आला. तोवर काठावर वेगळाच वाद पेटला होता. पुढची फेक कुठून करायची, गोळा जिथे चारीत पडला तिथून, की पाण्याखाली जिथे सापडला तिथून? नियमांचा कागद बाहेर आला. तो भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेला होता. पावसात, दोन अंशांत, गळ्यात प्याले घातलेली बावीस माणसं अकरा मिनिटं त्या कलमाचा अर्थ लावत उभी होती. आवाज कुणाचाही चढला नाही. निकाल साहेबांच्या विरुद्ध लागला. साहेबांनी तो मान्य केला! एवढं बघितल्यावर हैदराबादकराने टोपी वर सरकवून मला विचारलं, “हे असं आपल्याकडे घडलं असतं?” मी म्हटलं, आपल्याकडे गोळा चारीत गेलाच नसता. साहेबांचा गोळा कुणीतरी पायाने अडवला असता.

वाटेत थांबे असतात. रस्ता वळला की थांबायचं, पूल आला की थांबायचं, समोरून दुसरी कोलफार्ट आली की तर थांबायचंच. थांबलं की गळ्यातला प्याला भरायचा, “फार बडबड नको, मान मागे टाक” अशा अर्थाची एक घोषणा सगळ्यांनी मिळून द्यायची आणि मान मागे टाकायची. मीही रस पिऊन मान मागे टाकत होते. एका थांब्यावर मी पर्समधून बाकरवडी काढली. सगळ्यांनी एकेक घेतली. एकेकच. मी गोदामातल्या गड्याला म्हटलं, अजून घ्या. तो म्हणाला, “धन्यवाद, मी घेतली आहे.” मी म्हटलं, घ्या हो, आणखी दोन घ्या. तो नाही म्हणाला. मी तिसऱ्यांदा पुडा पुढे केला. तेव्हा त्याने पुडा हातात घेऊन उलटा केला, काहीतरी शोधलं आणि काळजीने विचारलं, “हे आज संपवायलाच हवं आहे का? तारीख उलटून चालली आहे?”

दुपारी शेवटचा खेळ झाला, चहाची पुडी लांब फेकण्याचा. हात लावायचा नाही. ओल्या पुडीची दोरी दातांत धरायची, मान खाली घालायची आणि झटका देऊन पुडी मागे किंवा पुढे भिरकवायची. अंतर टेपने मोजतात. आयात विभागाचे प्रमुख पुढे आले. चष्मा काढून सेक्रेटरीकडे दिला. दोरी दातांत धरली. पुडीतून काळा चहा त्यांच्या हनुवटीवर ओघळत होता. त्यांनी दोनदा मान झुलवून अंदाज घेतला आणि तिसऱ्यांदा सगळं अंग उसळवून झटका दिला. पुडी सुटली आणि अर्धवर्तुळ काढून त्यांच्याच डोक्यावर येऊन बसली. अंतर: शून्य. अकाउंट्सच्या बाईंनी शून्य लिहून घेतलं. कुणीही, “राहू दे सर, परत एकदा टाका” म्हटलं नाही. साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. मी हसू की नको या विचारात मागे राहिले, कारण पुढच्या महिन्यात माझं पगारवाढीचं बोलणं होतं. तीस वर्षांचं भारतीय संगोपन एका चहाच्या पुडीने जात नाही.

खानावळीत शिरलो तेव्हा अंधार पडत आला होता. लांब टेबलं, वाफाळणारी पातेली, आणि पातेल्यांभोवती डुकराचं सगळं खानदान: धुरावलेलं मांस, चरबीचे तुकडे, उकडलेली सॉसेजं आणि त्यांचा मुकुटमणी पिंकेल. पिंकेल म्हणजे ओटचा भरडा, चरबी, कांदा आणि मसाला आतड्यात भरून धुरावर सुकवलेलं सॉसेज. ते इथल्या माणसाला जीव की प्राण. त्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी मनातल्या मनात मारुतीला आणखी एक माळ बोलले. शनिवार नसता तर मी काय कारण दिलं असतं?

तेवढ्यात मुख्य दारातून वाढपी बाई एका हातात झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि दीडशे माणसांच्या दिवाणखान्यात खणखणीत आवाजात ओरडल्या, “शनिवार कोण? शनिवार कुठे बसलाय?”

आमच्या टेबलाने एकमुखाने माझ्याकडे बोट दाखवलं. पलीकडे एका बँकेची कोलफार्ट होती, तिने टाळ्या वाजवल्या. ताटात चरबीशिवाय वेगळी शिजवलेली भाजी, परतलेले बटाटे आणि धुरावलेला टोफू. वर चिठ्ठी. त्या रात्री मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नाही.

जेवण झाल्यावर राज्याभिषेक. सगळ्यांत जास्त भाजी खाणारा तो राजा, असं वरकरणी सांगतात. राजाच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड साखळीत ओवून घालतात, त्याला खुर्चीत बसवतात, गौरवाचं भाषण होतं. मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं, की भाजी वाढायला सुरुवात झाली की जुनी माणसं एकमेकांच्या ताटाकडे इतकं का बघतात. कारण असं, की राजाने पुढच्या वर्षीची कोलफार्ट काढायची असते. तारीख ठरवा, खानावळ धरा, तक्ते करा, टोपलीची काठी शोधा, सगळं त्याच्या गळ्यात. म्हणजे हाडासकट. त्यामुळे मावळता राजा आणि त्याचे दोघे सल्लागार आठवडाभर आधी कोपऱ्यात कुजबुजून ठरवून ठेवतात, की या वर्षी कुणाला घोड्यावर बसवायचं. ताट हे निमित्त. आपल्याकडे मंडळाच्या सभेला जो गैरहजर असतो त्याला एकमताने कार्यवाह करतात. तेच तत्त्व, फक्त इथे माणूस हजर असतो आणि त्याच्या तोंडात घास असतो.

यंदा नाव पुकारलं गेलं अकाउंट्सच्या बाईंचं. त्यांनी फार तर दोन चमचे भाजी खाल्ली होती. त्या उभ्या राहिल्या, जबड्याचं हाड चष्म्याच्या दोरीवर घालून घेतलं, सगळ्यांचे आभार मानले आणि बसल्याबसल्या पेन काढलं. मग संगीत लागलं. एरवी लिफ्टमध्ये नमस्कारापलीकडे एक शब्द न बोलणारी माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून, आगगाडी करून टेबलांमधून नाचत निघाली. साहेबांच्या खांद्यावर हैदराबादकराचा हात होता आणि त्याच्या अंगावर आता एकच स्वेटर होता. बरोबर अकराला साहेब खुर्चीवर चढले, ग्लासवर चमचा वाजवला आणि म्हणाले, “मित्रांनो, सहलीचा अधिकृत भाग इथे संपला. यापुढे पडलात तर आपापल्या जबाबदारीवर पडा.” तीन माणसं लगेच खाली बसली.

सोमवारी आठ वाजून चार मिनिटांनी नव्या राणीची मेल आली. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी पाच तारखा, आपापली सोय कळवा. मी तारखा बघितल्या. पाचही शुक्रवार. खाली टीप होती: ‘यंदा सहल शनिवारी आल्यामुळे आपल्या एका सहकारी बाईंना पिंकेल खाता आलेलं नाही. पुढच्या वर्षी त्या आपल्याबरोबर पूर्ण जेवतील. कॉर्नसकट.’ खाली सगळ्या विभागांचे अंगठे होते. साहेबांनी स्वतंत्र ओळ लिहिली होती, की पहिला पिंकेल मी माझ्या हाताने वाढेन.

मी तडक आईला फोन लावला.

“आई, शुक्रवारचं काही असतं का गं?”

“असतं की. संतोषीमातेचं. पण असं उठून एक शुक्रवार धरत नाहीत. सोळा शुक्रवार करायचे, मग उद्यापन.”

“मांसमच्छी?”

“व्रतात कुठली आलीय मांसमच्छी! आणि आंबटसुद्धा नाही हं. एकदम भक्ती कुठून उपटली तुला?”

मी म्हटलं, नंतर सांगते. अकाउंट्सच्या बाई आज ना उद्या पेन घेऊन येणार, सोळा म्हणजे सलग का, मधे सुट्टी आली तर काय, आणि उद्यापन नक्की कितव्या शुक्रवारी, ते सगळं विचारणार. उत्तरं तयार हवीत. सोळावा शुक्रवार बरोबर सहलीच्या दिवशी यायला हवा असेल तर पहिला कुठल्या तारखेला धरावा, ते काढायला मी एक्सेल उघडलं आणि पहिला रकाना आखला.